खडीसाखर विरघळेपर्यंत

कुंदाशी गप्पा मारायला बसलं की आपण अर्धंच बोलायचं असे. उरलेलं अर्धं ती बोले. "काल काय झालं, मी बाजारातून येत होते तर," इथवर आपण यावं, आणि "तर चप्पल तुटली आणि चांभार जेवायला गेलेला," असं म्हणून तिने मोकळं व्हावं. बहुतेक वेळा तिचा अंदाज खरा निघे आणि त्याचाच जास्त राग येई. मी एकदा वैतागून तिला म्हटलं होतं की बाई, माझी वेळ आली की शेवटचा शब्द तेवढा मला स्वतःला बोलू दे. त्यावर ती म्हणाली, "बोल की पुष्पे, पण जरा लवकर बोल."

ही खोड स्वभावातली किती आणि धंद्यातली किती हे सांगणं कठीण आहे. आम्ही दोघी रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होतो. आजच्या मुलांना सांगून पटत नाही, पण त्या वेळी इथून मुंबईला बोलायचं तर आधी आमच्याकडे कॉल नोंदवायचा आणि मग फोनच्या शेजारी बसून राहायचं. दुपारी नोंदवलेला कॉल दिवेलागणीला लागला तरी लोक आम्हाला दुवा देत. लागलेल्या लाइनीतही आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येई. 'हॅलो, हॅलो' करण्यातच लोकांची तीन मिनिटं संपत आणि पुढे वाढवायचं का ते आम्हाला मध्येच विचारावं लागे. मग मधली ऑपरेटर दोघांचं ऐकून इकडचं तिकडे सांगत असे. नियम असा की जे ऐकलं तेच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. कुंदाच्या पदराला मात्र पुष्कळ काही असे.

एका आडगावच्या पोस्टातून एका म्हातारीने मुंबईच्या मुलाला कॉल लावला होता. "आयेला बरा नाय, बेगीन ये," एवढंच तिला सांगायचं होतं. लाइन खराब, म्हणून कुंदा मध्ये. मुलगा म्हणाला, आता रजा मिळत नाही, गणपतीला येतो म्हणून सांगा. कुंदाने ते म्हातारीला सांगायचं सोडून मुलालाच विचारलं, "गणपतीला येशील तेव्हा भेटायला कोण असेल याची चौकशी केलीस काय?" मुलगा दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आला. पुढे म्हातारी बरी झाली आणि 'ती बोलणारी बाय' बघायला एक भलाथोरला कापा फणस घेऊन एक्स्चेंजच्या दारात हजर झाली. तेव्हा सगळा प्रकार उघडकीला आला. आमचे सुपरवायझर सज्जन होते. त्यांनी फणसाचे गरे खाल्ले, हात धुतले आणि मग म्हणाले, "कुंदाताई, तुम्ही लाइनी जोडा. घरं जोडायला तुम्हाला सरकारने ठेवलेलं नाही."

घरं जोडणाऱ्या कुंदाचं स्वतःचं घर खालच्या आळीत होतं. घरात आप्पा आणि माई, म्हणजे तिचे वडील आणि आई. धाकटा भाऊ मुंबईत नोकरीला लागून तिकडचाच झाला होता. कुंदाचं लग्न झालेलं नव्हतं. का झालं नव्हतं यावर आळीत चार मतं होती आणि कुंदाला ती चारही पाठ होती. कुणी विषय काढलाच तर ती स्वतःच विचारी, "यातलं कुठलं सांगू? तुम्हाला कुठलं आवडतं?"

आप्पांबद्दल सांगितल्याशिवाय कुंदाबद्दल सांगता येणार नाही. आप्पा एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. माझ्या पिढीच्या रत्नागिरीकरांच्या कानात त्यांचा आवाज अजून असेल. "रत्नागिरी, हातखंबा, पाली, लांजा, राजापूर, गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे," हे ते असं म्हणत की ज्याला राजापूरला जायचं नाही त्यालाही जावंसं वाटावं. आवाज खणखणीत आणि वेळ काटेकोर. एकदा माई आणि कुंदा खेडला एका लग्नाला निघाल्या होत्या. माईंची चप्पल की पिशवी, काहीतरी राहिलं म्हणून उशीर झाला. दोघी स्टँडच्या तोंडाशी पळत येताना आप्पांनी आपल्या खिडकीतून बघितल्या आणि तरीही गाडीला सुटायचा इशारा केला. पुढची गाडी येईपर्यंत दोघी बाकड्यावर बसून राहिल्या. आप्पांनी कँटीनमधून त्यांना चहा पाठवला, स्वतः मात्र आले नाहीत. घरी माईंनी तोंडाचा पट्टा सोडला तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की घरच्यांसाठी गाडी थांबवली तर दारच्यांना काय तोंड दाखवू.

असा माणूस. प्रेमळ होता, पण प्रेमाचंही वेळापत्रक असलेला. कुंदा इंटर सायन्सला पहिल्या वर्गात आली तेव्हा तिला पुढं मुंबईला जाऊन शिकायचं होतं. काय शिकायचं ते तिचं तिलाही धड माहीत नव्हतं. औषधांचं, माणसांचं, असं काहीतरी. तिने जेवताना विषय काढला. आप्पा म्हणाले, "जायचं नाही." घास घेतला आणि आमटी वाढायला सांगितली. धाकट्याचं शिक्षण होतं, एकटा पगार होता, आणि मुलीला मुंबईला एकटी ठेवायची त्यांची छाती नव्हती. ते सगळं खरं असलं तरी त्यातलं काही त्यांनी बोलून दाखवलं नाही. दोनच शब्द. पुढे एक्स्चेंजमध्ये जागा निघाली आणि कुंदा चिकटली. हे तिने मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. पण तिची इंटरची पुस्तकं माळ्यावरच्या पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली होती. जे रद्दीत टाकायचं त्याला कुणी डांबराच्या गोळ्या घालत नाही.

आप्पा निवृत्त झाले आणि दोन पावसाळ्यांनंतर एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला. अर्धांगाचा झटका. उजवा हात, उजवा पाय गेला. पाय पुष्कळसा परत आला. हात थोडा आला. वाचा मात्र आली नाही. ज्याच्या आवाजावर गाड्या सुटत होत्या तो माणूस खुर्चीत बसून तोंड उघडायचा, ओठ हलवायचा आणि नुसता 'त्... त्...' करून थांबायचा. डोळे मात्र सगळं समजत असल्यासारखे. ते डोळे बघवत नसत.

मग जे व्हायचं ते सगळं झालं. माईंनी वेखंड उगाळून त्यांच्या जिभेला लावलं. गावच्या देवळात गुरवाकडून कौल लावला. देवाने उजवा कौल दिला, आप्पांचा उजवा हात होता तिथेच राहिला. आणि कुंदाने काय केलं, तर तिने आप्पांच्या वतीने बोलायला सुरुवात केली.

त्यात ती तरबेजच होती. आप्पांनी 'त्...' केलं की, "तपकीर? नाही? तांब्या? पाणी हवंय, माई पाणी दे." त्यांनी दाराकडे बघितलं की, "कोण आलं नाही हो, वारा आहे." पाहुणे आले की आप्पा खुर्चीत, कुंदा शेजारी, आणि प्रश्न आप्पांना, उत्तरं कुंदाची. "आप्पा म्हणतायत आंबा यंदा कमी आहे." आप्पा काय म्हणतायत हे आप्पांनाही तिच्याकडून कळत असावं. आळीत सगळे कौतुक करत. कुंदा असली की आप्पांना तोंड उघडायला लागत नाही, असं म्हणत. मीही म्हटलं आहे. ते कौतुक किती भयंकर होतं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सहाएक महिन्यांनी भावाने भाड्याची मोटार करून मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात दाखवायची सोय केली. डॉक्टरांनी तपासून आप्पांना दुसऱ्या एका खोलीत पाठवलं. तिथे पांढरा कोट घातलेली एक मुलगी बसली होती, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली वाटावी अशी. टेबलावर चित्रांचे पत्ते. तिने आप्पांना नाव विचारलं. कुंदाने सांगितलं. गाव विचारलं. कुंदाने सांगितलं. एक चित्र दाखवून हे काय आहे विचारलं, तर कुंदा म्हणाली, छत्री. मुलीने पत्ता खाली ठेवला आणि तुम्ही काय करता म्हणून विचारलं. कुंदाने अभिमानाने ट्रंक ऑपरेटर असल्याचं सांगितलं.

"मग तुम्हाला लगेच कळेल," ती मुलगी म्हणाली. "यांची लाइन तुम्ही एंगेज्ड ठेवली आहे. जरा बाहेर बसता का?"

कुंदाला आयुष्यात कुणी लाइनवरून काढलं नव्हतं. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. दाराला फट होती. आतून कसलाच आवाज येईना. ती मुलगीही बोलेना. कुंदा मला सांगत होती, की पुष्पे, लाइन डेड झाली असं वाटलं मला, दोनदा उठले आत जायला. मग आतून आप्पांचा आवाज आला. खरबरीत, तुटका, पण आवाज. "छ... छ... छत्री."

एवढं सांगून कुंदा आमच्या चहाच्या खोलीत खो खो हसली आणि हसता हसता तोंडाला पदर लावून रडली. तिला तसं रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. "सहा महिने तो शब्द त्यांच्या तोंडात होता," ती म्हणाली. "मी येऊच दिला नाही."

तिथून निघताना तिने त्या मुलीला या विद्येला काय म्हणतात आणि कुठं शिकवतात ते विचारून घेतलं होतं. स्पीच थेरपी. त्याची चक्क पदवी होती. इंटर सायन्स झालेल्याला प्रवेश मिळू शकत होता. आणि आमच्या अख्ख्या जिल्ह्यात ते करणारं एकही माणूस नव्हतं. हे सगळं तिने मला एका दमात सांगितलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "या वयात कॉलेज, असं म्हणणार आहेस ना?" मी तेच म्हणणार होते.

पण आधी तिला गप्प राहायला शिकायचं होतं, आणि कुंदाने गप्प राहणं म्हणजे भाट्याच्या खाडीला भरती येऊ नको म्हणण्यासारखं. इथे तिचा धंदाच तिच्या उपयोगी पडला. घसा सुकू नये म्हणून आम्ही ऑपरेटर बायका गालात खडीसाखर धरत असू. प्रत्येकीच्या पर्समध्ये पुडी असायचीच. कुंदाने ठरवलं की आप्पांनी बोलायला तोंड उघडलं की आपण खडीसाखरेचा खडा तोंडात टाकायचा आणि तो पुरता विरघळेपर्यंत शब्द काढायचा नाही. चावायचा नाही, हा नियम. पहिल्या दिवशी तिने तीन खडे कडाकडा चावले असं माईंनी मला सांगितलं.

हळूहळू जमायला लागलं. आप्पा 'त्...' करून अडत, वैतागत, खुर्चीच्या हातावर डावा हात आपटत. माई पदराने डोळे पुसत, "सांग ना गो, कळतंय ना तुला," म्हणून विनवत. कुंदा गाल फुगवून समोर बसून राही, नजर आप्पांवर. आणि कधी अर्ध्या खड्यात, कधी दुसऱ्या खड्यात शब्द बाहेर येई. 'तूप.' 'नको.' एकदा शेजारच्या बोक्याला उद्देशून 'मेल्या.' त्या दिवशी माईंनी शिरा केला.

ही सवय मग घराबाहेरही आली. मासळी बाजारात आमची नेहमीची मासेवाली भाव सांगायची आणि कुंदा तिचं वाक्य संपायच्या आत निम्मा भाव सांगायची, अशी वर्षानुवर्षांची रीत होती. एके दिवशी कुंदा नुसतीच गालात खडा धरून उभी. मासेवालीने भाव सांगितला. कुंदा गप्प. मासेवाली म्हणाली, बरं, थोडा कमी दे. कुंदा गप्प. "काय झालां गो बाय तुला, घरात सगळी बरी आहेत ना?" असं म्हणत तिने घाबरून मूठभर कोलंबी वर घातली. वाटेत मी कुंदाला म्हटलं की या विद्येत पैसा आहे बघ.

अशात एक सकाळ फार चमत्कारिक गेली. आप्पा चहा पीत बसले असताना एकाएकी त्यांच्या तोंडून जुन्या आवाजात, एकही अक्षर न अडता, बाहेर पडलं, "रत्नागिरी, हातखंबा, पाली, लांजा, राजापूर, गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे." माईंनी देवाला साखर ठेवली. शेजारीपाजारी धावले. आप्पा बरे झाले म्हणून सगळे आनंदले, आणि आप्पांना पुन्हा चहा हवा होता तर 'चहा' म्हणता येईना. सगळ्यांचे चेहरे पडले. कुंदाचा पडला नाही. तिला त्या मुलीने सांगून ठेवलं होतं, की ज्या शब्दांना वर्षानुवर्षांच्या घोकण्याने वाट पडलेली असते ते आपले आपण येतात, पण मनात आहे ते नेमकं बोलणं ही वेगळी गोष्ट. "गाडीची घोषणा आप्पांच्या तोंडाने केली," कुंदा म्हणाली. "आप्पा बोलतील तेव्हा मी मानीन."

तिने पेटी माळ्यावरून खाली काढली. डांबराच्या गोळ्यांच्या वासाची ती पुस्तकं एक्स्चेंजमध्ये आली. चहाच्या खोलीत कानाची मोठी आकृती लागली, आणि सगळ्याजणींना कानातली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही हाडं पाठ झाली. पण प्रवेशाआधी परीक्षा आणि मुलाखत होती, आणि इंटर होऊन चौदा-पंधरा वर्षं उलटली होती. तेव्हा कुंदा सरळ तिच्या जुन्या कॉलेजात गेली आणि सरांची परवानगी काढून, संध्याकाळची ड्यूटी असेल त्या आठवड्यात सकाळी बारावीच्या वर्गात बसायला लागली. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहिली तर अख्खा वर्ग उठून उभा राहिला. नव्या मॅडम आल्या म्हणून. कुंदा म्हणाली, बसा बसा, आणि मागच्या बाकावर जाऊन स्वतःही बसली. मुलं दोन दिवस दबकून होती. तिसऱ्या दिवशी बेडूक कापायचा होता. मुली ओरडत होत्या, एकीला घेरी आली. ज्या बाईने जन्मभर मासे साफ केले तिला बेडकाचं काय? कुंदाने आपला बेडूक कापला, मग शेजारणीचा कापला. त्या आठवड्यानंतर मुली तिला कुंदाताई म्हणायला लागल्या आणि तिच्या डब्यातलं खायला लागल्या.

लोक बोलत होते, बोलणारच. लग्नाचं वय निघून गेल्यावर शिक्षणाचं येतं काय, असं आमच्यातल्याच एकीने विचारलं. सुपरवायझर साहेब मात्र तिच्या बाजूचे झाले. रत्नागिरीत एसटीडी येणार अशी कुणकुण होती. नंबर फिरवला की थेट मुंबई लागणार, मग एवढ्या ऑपरेटर ठेवून करायचं काय हा प्रश्न वरच्यांना पडलाच होता. त्यामुळे कुंदाच्या बिनपगारी रजेला फारसा त्रास झाला नाही. ती मला म्हणाली, "माणसं थेट बोलणार असली तर चांगलंच आहे. आपण मधून बाजूला व्हायचं. पण ज्यांना थेट बोलताच येत नाही त्यांच्यापाशी कुणीतरी बसायला नको?" ती हे इतकं हळू बोलली, की मला क्षणभर वाटलं, हिच्या गालात खडा आहे.

मुलाखतीहून ती परत आली तेव्हा मी स्टँडवर घ्यायला गेले होते. चेहरा असा की घरी वाईट बातमीची तार आली असावी. मुलाखत इंग्रजीत होती आणि कुंदाचं इंग्रजी म्हणजे बोर्डावरचं: नंबर प्लीज, नो रिप्लाय, थ्री मिनिट्स ओव्हर. तरी तिने कानाचं, घशाचं सगळं नीट सांगितलं होतं. मग तिथल्या एका वयस्क डॉक्टरांनी तिच्या वयाचा विषय काढला. इतक्या उशिरा शिकून कधी काम करणार, तरुण मुलीची जागा अडते, घरचं कोण बघणार, असं ते संथपणे बोलत राहिले. कुंदा मान खाली घालून ऐकत होती. बोलणं लांबलं. आणि तिच्या नकळत, बारा वर्षांच्या सवयीने, तिच्या तोंडून निघून गेलं, "थ्री मिनिट्स ओव्हर, सर. एक्स्टेंड?"

"संपलं गो सगळं," ती मला म्हणाली. "एवढी खडीसाखर खाल्ली ती फुकट गेली."

पण ते डॉक्टरच सगळ्यांत मोठ्याने हसले होते, हे तिने मला नंतर सांगितलं. महिन्याभराने प्रवेश मिळाल्याचं कळलं. मी एक्स्चेंजमध्ये पेढे वाटले. कुंदा मात्र पेढा हातात धरून बसून राहिली.

तिचं अडलं होतं आप्पांपाशी. आप्पांना सगळं माहीत होतं. तिने प्रत्येक पायरीला त्यांच्यासमोर बसून सांगितलं होतं. ते ऐकत आणि खिडकीबाहेर बघत. माई म्हणत, अगो, त्यांनी मान हलवली की, झालं. पण आजारानंतर आप्पांची मान हो ला आणि नाही ला सारखीच हले. चहा हवा का, तर मान खाली. चहा नको ना, तरी मान खाली. भाऊ म्हणाला, आप्पांना आनंदच झालाय. मी म्हटलं, त्यांच्या डोळ्यांत दिसतं गो. कुंदाने आम्हा कुणाचं ऐकलं नाही. लोकांची घरं जोडताना पदरचं घालणारी ही बाई स्वतःच्या बाबतीत एक अक्षर पदरचं घालायला तयार नव्हती.

"तेव्हा त्यांनी मला शब्दाने थांबवलं," ती म्हणाली. "आता मी त्यांच्या डोळ्यांत वाचून गेले, तर ते मीच बोलल्यासारखं. त्यांचं त्यांना बोलू दे." मी विचारलं, आणि ते बोललेच नाहीत तर? रोज ड्यूटीहून गेल्यावर ती त्यांच्यासमोर बसे, आप्पा, मी जाऊ ना, असं एकदाच विचारी, आणि खडा तोंडात टाके. कधी कधी 'ज...' येई, किंवा 'न...' येई, आणि त्यापुढे काही नाही. माझी खात्री आहे की त्या दिवसांत कुंदाने जायचं आणि राहायचं असं दोन्ही ठरवून ठेवलं होतं. सामान बांधलेलं होतं आणि रजेचा अर्ज मागे कसा घ्यायचा हेही साहेबांना विचारून झालेलं होतं.

आप्पांपाशी संध्याकाळी बसायचं काम मी पत्करलं होतं. तिने मला आठ दिवस शिकवलं. शिकवण एवढीच, की पुष्पे, तोंड मिटून बस. माझ्या पर्समध्ये खडीसाखरेची मोठी पुडी कोंबली.

जायच्या दिवशी आप्पा स्टँडवर यायला हटून बसले. काठी घेतली, टोपी घातली आणि दाराशी जाऊन उभे राहिले. रिक्षाने आम्ही चौघं आलो. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच स्टँडवर येत होते. हमालांनी त्यांना ओळखलं, कँटीनवाला चहा घेऊन बाहेर आला. त्यांच्या जागेवर आता एक तरुण कंट्रोलर होता. तो खिडकीतून उठून पाया पडायला आला. आप्पांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो ओशाळून परत खिडकीत गेला.

मुंबईची गाडी लागली. कुंदा माझ्या गळ्यात पडली, माईंच्या पाया पडली, आप्पांच्या पायांवर डोकं ठेवून थोडी जास्त वेळ राहिली. उठली, त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले नाहीत. मग ती गाडीत चढली आणि खिडकीशी बसली. कंडक्टरने दार ओढून घेतलं.

तेवढ्यात आप्पा काठी टेकत खिडकीखाली गेले. डावा हात वर करून त्यांनी खिडकीचा गज धरला. "ज..." ओठ थरथरले. "ज..."

कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता. माई पुढे झाल्या. "ये म्हणतायत गो, सांभाळून ये," असं त्या घाईघाईने म्हणाल्या. त्यांचंही चुकलं नाही. घरातून निघणाऱ्याला आपण जा म्हणत नाही, येच म्हणतो. माईंनी जन्मभर तेच म्हटलेलं. कुंदाने खिडकीतून हात वर करून त्यांना थांबवलं. दुसऱ्या हाताने पर्समधून खडा काढून तोंडात टाकला. तो तरुण कंट्रोलर हे बघत होता. त्याने कंडक्टरला मानेने नको अशी खूण केली. घंटी वाजली नाही. मागच्या बाकावरचा एक चाकरमानी "काय झालां हो, सोडा गाडी," म्हणाला, आणि आप्पांना बघून गप्प झाला. सगळी गाडी गप्प झाली. ज्यांना काहीच माहीत नव्हतं तेही गप्प झाले. माझ्या गालातही खडा होता, तो कधी घातला ते मला आठवत नाही.

आप्पांनी डोळे मिटले. गज धरलेला हात पांढरा पडला. मग डोळे उघडून, कुंदाकडे बघत, त्यांनी तो शब्द बाहेर काढला.

"जा."

"अहो, असं काय म्हणता, ये म्हणावं," माई कळवळून म्हणाल्या. "चुकलं गो त्यांचं, ये म्हणायचं होतं त्यांना."

"नाही माई," कुंदा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसायचाही प्रयत्न केला नाही. "बरोबर बोलले ते."

आप्पांनी गज सोडला. दोन पावलं मागे झाले, मान वळवून स्टँडवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि डावा हात वर करून, पूर्वी करत तसा, ड्रायव्हरला सुटायचा इशारा केला. त्या स्टँडवरून त्यांच्या घरच्या माणसासाठी उशिरा सुटलेली ती पहिलीच गाडी.